चूल सांगून कासवावर गेलास

हिराजी, तुझं तेरावं होऊन दोन दिवस झाले, तरी सकाळचे आठ वाजले की माझा पाय मशीनच्या पायडलवरून आपोआप उचलला जातो आणि मी ओटीच्या कडेला येऊन खालच्या पायवाटेकडं बघत उभा राहतो. कासव आठला, चूल नऊला, पाटा दहाला. उधाणाच्या दिवसांत कुठल्या खडकाची वाट पाणी किती वाजता बंद करतं, ते मला पाढ्यासारखं पाठ आहे. चौदा वर्षं मी हा पाढा घोकतोय. ज्याच्यासाठी घोकला तो आता त्या वाटेनं येणार नाही, हे डोक्याला समजलंय. पायाला अजून समजायचंय.

तू असतास तर हसला असतास. "टेलर, दर्यात मी जातंय आनि नाकातोंडात पानी तुझ्या जातंय," असं तू चारचौघांत म्हणायचास आणि नाक्यावरची माणसं खिदळायची. मी रागवायचो नाही, कारण ते खरंच होतं. मी लांज्याकडचा, डोंगराच्या पोटातला माणूस. रत्नागिरी जिल्हा म्हटलं की लोकांना वाटतं, हा समुद्रात पोहतच मोठा झाला असणार. तुमच्या चौक गावात येईपर्यंत गुडघ्याच्या वर खारं पाणी मी अंगाला लागू दिलं नव्हतं. भाईंदरच्या शिलाईच्या दुकानातलं काम सुटलं, एक जुनं मशीन आणि एक कात्री घेऊन मी एसटीतून उतरलो, आणि तू काहीही न विचारता तुझ्या घराची ओटी मला दिलीस. म्हणालास, बस हितं, गावात कोन तरी पाटलोनी शिवनारा पायजेच हाय. ओटीवरून सगळा रस्ता दिसायचा, एसटीचा थांबा दिसायचा, आणि खडकांकडं उतरणारी पायवाटही. घाबरट माणसाला इतक्या मोक्याच्या जागी बसवू नये, हे तुला तेव्हा सुचलं नाही.

आज तुला सगळं सांगून टाकायचंय. त्या सकाळी मी तुला मागून हटकलं. तुझ्या मरणात माझ्या त्या एका प्रश्नाचा हात आहे. हे मी आधी वहिनीला सांगितलं, कारण जिवंत माणसाचा हक्क पहिला. आता तुला सांगतोय.

पण तिथपर्यंत यायला मला थोडं मागे जावं लागतं. रागावू नकोस, कापड मापाशिवाय कापता येत नाही.

तुझे तीन खडक. पहिला पाटा, सपाट, घरापासून सगळ्यात जवळ. तिथं पोरंटोरंही बोय मासे धरायला बसायची. त्याच्या उजव्या हाताला लांबवर तीन दगडांमध्ये पाण्याचं डबकं, ती चूल. आणि नेमकं उलट्या दिशेला, डाव्या हाताच्या टोकाला, मधल्या घळीपलीकडचं ते कासव. होडीवाले तुला वेड्यात काढायचे. जाळी टाकून टोपल्या भरून मासळी आणणाऱ्या गावात तू एकटा गळाची गरी आणि दोरी घेऊन दगडावर बसणारा. तू म्हणायचास, जाळ्यात मासा सापडतो, गरीला तो येतो. मला यातला फरक कधी कळला नाही, पण तू खालच्या आवाजात सांगायचास तेव्हा पटायचा.

पहिल्या वर्षी तू मला पाट्यावर शिकवायला नेलंस. सुईत दोरा ओवणाऱ्याला गरीला दोरी बांधता येईना, याचं तुला फार नवल. तू गाठ दाखवलीस, मी बांधली, जोरात फेकली, आणि गरी माझ्याच पाटलोणीच्या मागच्या खिशात अडकली. तू दगडावर आडवा पडून हसलास. संध्याकाळी मी तो खिसा रफू करत होतो, तेव्हा वहिनीनं तळलेल्या तांबोशीचा मधला तुकडा माझ्या ताटात वाढला आणि स्वतःला शेपटीकडचा घेतला. नवख्या परक्या माणसाला मधला तुकडा. त्या दिवसापासून मी तुमच्या घरातला झालो, आणि घरातला झालो म्हणून काळजी करायला लागलो.

भांडण झालं ते त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी. तू नऊला यायचास, बारा वाजले तरी आला नाहीस. माझ्या हातातलं पोलकं दोनदा उलटं शिवलं गेलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं मी तुला तीनही खडकांवरून एकेकदा वाहून जाताना पाहिलं. शेवटी टेप गळ्यात तसाच टाकून धावत सुटलो आणि दिसेल त्याला विचारत गेलो, हिराजी कुठं गेलाय, हिराजी कुठं गेलाय. कोणी उत्तर देईना. बाया तोंडाला पदर लावून बाजूला व्हायच्या. एका म्हातारीनं तर मला हात जोडले, पण बोलली नाही. आणि तू? तू पाट्याच्या अलीकडच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन झोपला होतास, पिशवीत हातभर हेकरू.

जागा झालास ते भडकूनच. मासा मिळाल्याचा आनंद राहिला बाजूला. अख्ख्या गावात नाव घेऊन कुठं कुठं ओरडत फिरलास, म्हणालास. तेव्हा मला तुमचा नियम पहिल्यांदा नीट समजला. गरीवर जाणाऱ्याला कुठं म्हणून विचारायचं नाही. चुकून कोणी विचारलंच, तर खरी जागा सांगायची नाही, भलत्याच खडकाचं नाव घ्यायचं. खरं नाव घेतलं की दर्याला ऐकू जातं, आणि ऐकणाऱ्या माणसाच्याही मनात लोभ उठतो. आमच्याकडंही घराबाहेर पडणाऱ्याला कुठं म्हणत नाहीत, पण आमचा माणूस फार तर बाजाराला जातो. त्याच्या वाटेत पाणी चढत नाही.

मी तुझ्याशी तावातावानं भांडलो. म्हटलं, तुझा पाय घसरला तर शोधायचं कुठं? दर्याला कळू नये म्हणून बायकोलाही कळू द्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण? तू म्हणालास, माझा बाप असाच जायचा आणि असाच परत यायचा. मी म्हटलं, आणि जे आले नाहीत त्यांचं काय? त्यावर तू उत्तर दिलं नाहीस. चार दिवस आपण बोललो नाही. मी मशीनकडं तोंड करून बसायचो, तू पाठ करून जायचास. मधल्या मध्ये वहिनी दोघांना चहा देऊन थकली.

पाचव्या दिवशी तू ओटीच्या पायरीवर बिडी पेटवायला थांबलास आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "पाटा." आणि चालू लागलास. परत आल्यावर अटी सांगितल्यास. "तू इचारायचं न्हाय. मीच सांगून जाईन. पन कोन असला हितं, तर न्हाय सांगनार." मी सगळ्या अटी मान्य केल्या. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी तुझ्या सदऱ्याला दोन बटणं जास्त लावली.

त्यानंतरची सगळी वर्षं तू पायरीवर थांबत गेलास. पाटा, चूल, कासव, यातला एक शब्द, बिडीच्या धुरातून. सुती दोरी जाऊन नायलॉनची तंगूस आली, गावात विजेचे दिवे आले, पायजमे जाऊन टेरिकॉट आणि मग ती बेलबॉटम आली, तुझी लेक लग्न होऊन वसईला गेली, पण तो एक शब्द चुकला नाही. मी त्याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. माझ्यासारख्या भित्र्या माणसासाठी तू बापाचा नियम वाकवलास, रोज वाकवलास, आणि मी ते बिडीच्या थोटकासारखं गृहीत धरलं. कासव म्हणालास की आठपर्यंत माझा जीव टांगलेला. चूल म्हणालास की नऊपर्यंत. तेवढं माझं माप ठरलेलं होतं.

आणि मग ती सकाळ.

चैत्रातली अमावास्या आदल्या दिवशी झालेली, म्हणजे उधाण भरात. लेक नातवंडांना घेऊन माहेरी आलेली, तिला तांबोशी हवी होती. सहाच्या सुमाराला तू पिशवी घेऊन निघालास. पण ओटीवर तुझा चुलतभाऊ महादू उभा होता. त्याला पहिल्या एसटीनं भाईंदरच्या कारखान्यात जायचं होतं, त्याआधी बेलबॉटमची लांबी बघून घ्यायची होती. मी खाली वाकून त्याच्या पायाला टेप लावलेला. तू त्याला बघितलंस आणि पायरीवर न थांबता सरळ पुढं गेलास.

अट ठरलेली होती. कोणी असेल तर नाही सांगणार. मला गप्प बसता आलं असतं. पण उधाण होतं, आणि तो एक शब्द मिळाल्याशिवाय माझी सकाळ सुरूच व्हायची नाही, इतकी मला त्याची सवय झालेली. तू दहा पावलं गेला असशील. मी टाचणी तोंडात धरलेली काढली आणि मागून हाक मारली, "हिराजी, कुठं?"

तू थांबलास. वळलास. तुझ्या कपाळाला आठी पडली ती मला अजून दिसते. महादूनं मान दुसरीकडं केली. तू म्हणालास, "चुलीवर." आणि उतरून गेलास.

आणि मला बरं वाटलं, हिराजी. हेच मला सहन होत नाहीये. मला खूप बरं वाटलं. चूल, म्हणजे नऊ वाजेपर्यंत काळजी नको. मी महादूला मोकळं केलं, चहा प्यायलो, गाणं गुणगुणत कॉलर लावत बसलो. आठ कधी वाजले ते मला कळलंसुद्धा नाही. तू काही बोलला नसतास, तर मला तिन्ही खडकांची भीती वाटली असती आणि आठच्या ठोक्याला मी कासवाच्या वाटेकडं बघत उभा असतो. माझ्या भीतीनं तुला इतकी वर्षं राखलं होतं, आणि त्या सकाळी मीच तिला झोपवलं.

साडेआठला वहिनी ओटीवर आली. हातात लाटणं तसंच. म्हणाली, "टेलरभाऊ, त्यांनी आज गरीला चिंबोऱ्या नेल्या हायत." एवढंच. मी वर न बघता सांगितलं, चुलीवर गेलाय, मला सांगून गेलाय, अजून अर्धा तास आहे, घाबरू नका. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी घाबरू नका असं म्हणालो. ती जरा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मी चार जणांना चुलीकडं पाठवलं, स्वतः काठावरून ओरडत राहिलो. चुलीवर कोणी नव्हतं, पिशवी नाही, बिडीचं थोटूक नाही. मग उलट्या दिशेला कासव, तेवढ्या लांबचं अंतर, आणि घळीत छातीच्या वर पाणी. होडी घालून गेले. तुझा पाय फटीत घोट्यापर्यंत रुतलेला होता. पाणी तुझ्यावरून जाऊन किती वेळ झाला होता, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारायची माझी शक्ती संपली होती.

तिसऱ्या दिवशी महादू माझ्याजवळ बसला. चांगला मुलगा आहे, रडत होता. म्हणाला, मी संध्याकाळी आलो तेव्हा समजलं तुम्ही आधी चुलीवर शोधलंत म्हणून. "टेलरभाऊ, तो चुलीवर म्हनला तवाच मना कललं, चूल सोडून कुठं तरी जातंय. इचारल्यावर कोन खरं सांगतो काय?" त्याला ते इतकं साधं वाटत होतं, की मी चौदा वर्षं इथं राहून ते विसरेन, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मीही ते विसरलो नव्हतो, हिराजी. मला वाटायचं, तो नियम बाकीच्यांसाठी आहे, आपल्या दोघांत नाही. तू मला खोटं सांगणार नाहीस, असा माझा समज. पण तू मला खोटं सांगितलंच नव्हतंस. चारचौघांत नाव घेऊन हटकणाऱ्याला तू रीतीप्रमाणे उत्तर दिलंस. आपल्यातला माणूस मी त्या घडीला नव्हतोच.

दहा दिवस मी हे पोटात ठेवलं. वहिनीसमोर गेलो की वाटायचं, हिनं विचारलं तर? आणि तिनं विचारलं नाही की त्याहून वाईट वाटायचं. माणसं येत, बसत, उठत, म्हणत की कावळा बसायला आणि फांदी मोडायला, वेळ आलेली होती त्याची. मी मान डोलवायचो. वेळ आलेली नव्हती. वेळ आठची होती आणि मी ती नऊची समजलो.

तेराव्याची माणसं पांगल्यावर, संध्याकाळी, ती मागच्या दारी भांडी घासत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. महादू, टेप, मागून मारलेली हाक, आणि मला वाटलेलं ते बरं. तिचा हात थांबला नाही. शेवटची परात धुऊन पालथी घातली, मग पदराला हात पुसले.

"चिंबोऱ्या नेल्या म्हंजे कासव," ती म्हणाली. "चुलीला कोलंबी लागते. लगीन झाल्यापासून मीच बांधून देतंय, मना कोनी सांगाया नको."

तुला वाटायचं घरात कोणाला ठाऊक नाही. तू मला एक शब्द देत होतास, आणि तिच्या हातातून ती गोष्ट रोज आधीच बांधून निघत होती. मी म्हटलं, मग वहिनी, त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?

"नाव घेयाचं न्हाय ना आमी. मानूस बाहेर असताना तर न्हायच. चिंबोऱ्या बोलले, तेवढंच बोलता आलं." मग म्हणाली, "आनि तुमी चूल बोललात, तर मनापन बरं वाटलं. वाटलं, आज कोलंबी मिलाली असंल वाटेत कोनाकडं. म्हनून गप बसले."

आम्ही दोघं तिथं रडलो, हिराजी. तेरा दिवस लोकांसमोर वेगवेगळे रडलो होतो, ते वेगळं. ती मला नाही म्हणाली की तुमची चूक नाही, आणि मी तिला नाही म्हणालो. दोघांनाही ठाऊक होतं, त्या सकाळी या घरात खरी जागा ठाऊक असणारं एक माणूस होतं आणि हाक मारायला घाबरणार नाही असं दुसरं, आणि मध्ये एक भिंत होती. तुझ्यावर मी तेव्हा खूप चिडलो. अजूनही चिडलेलो आहे. एक दिवस मान वळवून, महादूसमोर, खरं नाव घेतलं असतंस तर दर्यानं असं काय जास्त केलं असतं? आपलं भांडण अर्धंच राहिलं. जे परत आले नाहीत त्यांच्याबद्दल मी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडून द्यायचं राहिलं.

आज पौर्णिमा. पुन्हा उधाण, पुन्हा सहाला ओहोटी. पहिल्या एसटीसाठी थांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती, मासळीच्या टोपल्या घेऊन बाया होत्या, महादू होता. मी मशीनला तेल देत होतो. वहिनी घरातून निघाली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात कालवं फोडायची कोयती आणि डबा. इतक्या लवकर ती बाहेर पडेल असं मला वाटलं नव्हतं, पण घर चालवायचं तर आहे, आणि लेकीला किती दिवस ठेवून घेणार. तिला बघून सगळ्यांनी रीतीप्रमाणे नजरा वळवल्या. मीही खाली बघितलं. माझ्या जिभेच्या टोकावर तो प्रश्न आला होता आणि मी दात घट्ट दाबून धरले होते.

ती पायरीशी थांबली. मला वाटलं, हळूच सांगेल, तुझ्यासारखं. पण ती रस्त्याकडं तोंड करून, थांब्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "मी कासवावर जातंय, कालवं काढाया. आठच्या आत घरी येन. न्हाय आले तर कासवावरच बघा, दुसरीकडं कुठं न्हाय."

एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. महादूनं मात्र घड्याळात बघितलं. ती उतरून गेली, आणि मी मशीनवर बसलो, पण शिवलं काही नाही.

पावणेआठ झाले. पायवाटेवर कोणी नाही. मी उठलो, बसलो, उठलो. आठला पाच कमी. तेव्हा मी कात्री ठेवली, चपला काढल्या, पाटलोण गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि ज्या उतारावर चौदा वर्षांत पाट्याच्या पुढं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथून डावीकडं वळलो. दगडांवर शेवाळ होतं. घळीचं पाणी वर यायला लागलेलं दिसत होतं, आणि मी तरी चालत होतो, कारण कुठं जायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

घळीच्या अलीकडच्या वळणावर ती समोरून आली. डबा भरलेला, साडी कंबरेपर्यंत ओली. मला अनवाणी, दगडाला धरून उभा बघून ती थबकली. सरळ माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "टेलरभाऊ, कुठं?"

मी म्हणालो, "कासवावर."